चाळीस पावलांचा दोर

“मग सुख कुठं आहे?” मकरंदनं विचारलं.

दोरबाबांनी मान वर केली नाही. उघड्या मांडीवर वाखाच्या तंतूंची बट ठेवून ते तळहातानं ती पुढं ढकलत होते, आणि बटेचं सूत होऊन बाजूच्या टोपलीत उतरत होतं.

“किती जणांना विचारलं हे?”

मकरंदनं खिशातला फोन चाचपला. आता काय सांगणार? त्यानं चारशे बारा जणांना विचारलं होतं, आणि तेही एका दमात. फोनवरच्या त्याच्या गटात तेवढी माणसं होती.

“उत्तर दिलं का कुणी?”

“सगळ्यांनी दिलं.”

“हं…” म्हणून बाबांनी दुसरी बट घेतली.

पौषातली सकाळ होती. माळाखालच्या तळ्यावर धुकं बसलं होतं आणि ते उठायचं नाव घेत नव्हतं. तळ्याच्या काठानं बांबूंवर वाख वाळत घातला होता, पांढरा, म्हाताऱ्या बायकांनी न्हाऊन केस मोकळे सोडावेत तसा. त्याचे तंतू हवेत तरंगत होते. ऊन पडलं की दिसायचे, ढग आला की नाहीसे व्हायचे. मकरंदला मघापासून वाटत होतं की आपण अजून नीट जागे झालेलो नाही.

दोरबाबा हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. घायपाताची पानं तळ्यात कुजवायची, त्यातून वाख काढायचा आणि त्याचे दोर वळायचे, हा त्यांच्या घरचा धंदा. नाडे, कासरे, दावी, पाळण्याच्या दोऱ्या. पुढं नायलॉन आलं, गिऱ्हाईक गेलं, बाबा तेवढे राहिले. मग लोक नुसतेच येऊ लागले. शेजारी बसायचे, आपलं गाऱ्हाणं सांगायचे आणि जाताना जरा हलके होऊन जायचे. कुणी गुरू म्हटलं तर बाबा म्हणत, “मी दोर वळतो.” आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मकरंद थोरवे हा मोजणी खात्यातला भूकरमापक. तीन महिन्यांपूर्वी शेजारच्या जमिनीची हद्द काढायला तो या माळावर आला होता. तेव्हा बाबांनी त्याला पाणी दिलं आणि म्हणाले, “सायेब, तुमचा आंगठा सारखा काय पुसतोय?”

मकरंदनं खाली पाहिलं होतं. फोन खिशात होता, आणि अंगठा आपला मांडीवर खाली-वर, खाली-वर चालला होता. ते वाक्य तेव्हापासून त्याच्या मानगुटीवर बसलं होतं.

आज मात्र तो कामानं आला नव्हता. त्याची मोटारसायकल खाली रस्त्यावर उभी होती, मागं एक निळी बॅग करकचून बांधलेली. आणि तळ्याकाठच्या दगडावर त्याची बायको बसली होती, वृषाली. ‘दहा मिनिटं, एक काम आहे’ असं तिला सांगून तो वर आला होता.

वृषाली सरकारी दवाखान्यात नर्स. बदली तिनं स्वतः मागून घेतली होती, तीही चांगली तीनशे किलोमीटर लांब. आज तिला आईकडं सोडायचं, उद्या ती पुढं जाणार, सोमवारी तिकडं हजर होणार. बदलीचा कागद त्याच्यापुढं ठेवून ती एवढंच म्हणाली होती, “जाऊ की राहू, ते नका सांगू. माझ्यात काय कमी होतं तेवढं सांगा. मग जाते.”

त्यावर मकरंद म्हणाला होता, “बघू.”

बघू. असल्या प्रश्नाला हे उत्तर. नंतर त्याला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली, पण नंतर वाटून काय उपयोग. तोवर ती बॅग भरायला लागली होती.

“आज सायेब म्हणू, का नाव घेऊ?” बाबांनी विचारलं.

“मकरंद म्हणा.”

“मग सांग मकरंद, सोडलंस काय तू?”

मकरंदनं तळ्याकडं पाहिलं. वृषालीला इथलं ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी त्यानं आवाज खाली आणला.

“फोनवर… नको ते बघायचो. उघडीनागडी चित्रं. हलती.”

“रोज?”

“रोज. आधी ती झोपल्यावर, मग कधीही. सहा वर्षं. ती ड्यूटीवरून यायची तेव्हा मी पाठ करून पडलेलो असायचो. झोप लागलेली नसायची. तिला वाटावं लागली म्हणून पडायचो.”

“आणि मग सोडलंस.”

“सोडलं.” आता मात्र मकरंद ताठ बसला. “दोनशे चौदा दिवस झाले.”

आता या दोनशे चौदाचं माहात्म्य समजून घेतलं पाहिजे. गटाचं नाव होतं ‘नवी पहाट’. ज्याला ही सवय सोडायची तो त्यात येई आणि आपले दिवस लिही. कुणाचे सात, कुणाचे तीस, आणि सगळ्यांच्या वर मकरंदचे. लोक त्याला मार्गदर्शक म्हणत. सकाळी डोळे उघडले की तो आधी सगळ्यांची हजेरी घेई. कुणाचा पाय घसरला तर धीर देई. किती दिवसांत डोक्यात काय सुधारतं यावर लांबच लांब खुलासे लिही. एक पक्ष म्हणे, सोडा, की आयुष्य उजळून निघेल. दुसरा म्हणे, त्यात काही नाही हो, उगाच मनाला लावून घेऊ नका. मकरंदनं दोन्हीकडचं इतकं वाचलं होतं की परीक्षा असती तर पहिला आला असता.

“बरं, मग फरक पडला का न्हाई?”

“पडला. झोप लागते. डोकं जड होत नाही. कामात चुका कमी झाल्या. पहिले चाळीस दिवस तर डोळ्यांवरचं फडकं काढल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू बाबा, पडला फरक. पण…”

“पण?”

“पण घर तसंच आहे.”

एवढंच तो म्हणाला. चारशे बारा जणांना त्यानं काय काय लिहिलं होतं, पण हे कधी लिहिलं नव्हतं.

बाबा सूत ओढत राहिले.

“दिवस कोण मोजतं?”

“फोन मोजतो की.” मकरंदनं दाखवायला म्हणून फोन बाहेर काढला, आणि नेमका तेव्हाच निरोप आला. सांगोल्याकडचे एक निवृत्त मास्तर होते. ‘दादा, आज माझा पहिला दिवस. जीव नुसता कासावीस होतोय. काय करू?’

मकरंदचा अंगठा धावत सुटला. त्यानं चार ओळी लिहिल्या. मास्तरांनी परत विचारलं, त्यानं परत लिहिलं. मध्येच आणखी कुणी आलं, त्यालाही समजावलं. मान वर केली तेव्हा टोपलीतल्या सुताचा ढीग वाढला होता आणि बांबूवरचं ऊन सरकून जमिनीवर आलं होतं.

“कोण होतं?”

“अडचणीतला माणूस आहे एक.”

“जवळचा?”

“नाही. तोंडसुद्धा बघितलेलं नाही मी त्यांचं.”

बाबांनी तळ्याकडं पाहिलं. दगडावर वृषालीनं ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली होती. धुक्यात ती सबंध दिसतही नव्हती, नुसता निळा ठिपका दिसत होता.

“तिला ठावं हाय, तू काय सोडलंस ते?”

“नाही.”

“मग काय ठावं हाय तिला?”

“तिला वाटतं, तिच्यातच काहीतरी कमी आहे.”

बाबांचा हात मांडीवर थांबला. सकाळपासून तो पहिल्यांदाच थांबला होता. आता हे आपल्याला बोलणार, असं मकरंदला वाटलं, आणि बोलावं असंही वाटलं. चांगलं झापलं असतं तर सुटल्यासारखं झालं असतं.

पण बाबांनी मोकळ्या वाखाची एक बट उचलली.

“एक टोक धर.”

मकरंदनं धरलं. दुसऱ्या टोकानं बाबांनी तिला पीळ द्यायला सुरुवात केली. बट बारीक झाली, ताठ झाली, मकरंदच्या चिमटीत रुतायला लागली.

“कशी लागतीया?”

“बोट कापतंय.”

“सोड.”

मकरंदनं सोडलं. बट गरगर फिरली, पीळ उकलला, आणि बाबांच्या हातात मऊसा झुपका तेवढा लोंबत राहिला.

“पीळ गेला?”

“गेला.”

“आता ह्यानं पाळणा बांधशील?”

मकरंदनं झुपक्याकडं पाहिलं. “नाही.”

“का? पीळ तर गेला की.”

गटात मकरंदकडं प्रत्येक प्रश्नाला उत्तर असे. इथं तो कापलेलं बोट चोळत राहिला. बाबांनी तो झुपका त्याच्या तळहातावर ठेवला.

“हे घे. दोनशे चौदा दिस.”

मकरंदला राग आला. का येऊ नये? त्या दोनशे चौदा दिवसांतल्या कितीतरी दिवशी त्यानं दातओठ खाऊन स्वतःला आवरलं होतं. ते काय असं झुपका म्हणून हातावर ठेवायचं?

“म्हणजे सोडलं ते फुकट गेलं?”

“फुकट कशाला जातंय? पिळलेल्या बटेचा दोर होत न्हाई, आधी मोकळी करावीच लागती.” बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. “चल, दोर ओढायचाय. सून बाजारला गेलीया, मला माणूस पायजे.”

चिंचेच्या दोन झाडांच्या मधून एक सरळ वाट गेली होती, पिढ्यान्‌पिढ्या दोर ओढून गुळगुळीत झालेली. अलीकडच्या टोकाला जमिनीत खांब पुरलेला. त्यात लोखंडी आकडा, आणि तो फिरवायला लाकडी मूठ. पलीकडच्या टोकाला आडवी फळी आणि तिच्या तीन खुंट्यांना बांधलेले तीन पेड, म्हणजे पीळ देऊन तयार केलेले सुताचे तीन पदर. फळी सरकू नये म्हणून तिच्यावर एक दगड ठेवलेला.

“चाळीस पावलं,” मकरंद म्हणाला. धंद्याची खोड, दुसरं काय. लांबी दिसली की आकडा तोंडात तयार.

बाबांनी तिन्ही पेडांची अलीकडची टोकं एकाच आकड्याला अडकवली. तीन खाचांचं एक अंड्यासारखं लाकूड त्या पेडांमध्ये बसवलं आणि ते हातात धरून उभे राहिले.

“फिरव मूठ.”

मकरंदनं फिरवली. मघाचा राग होताच, त्यामुळं जोरात फिरवली. पेड ताणले, आणखी ताणले, आणि मग एकेक करून वेडेवाकडे उसळले. जागोजागी स्वतःभोवतीच वेटोळी घालून गाठी होऊन बसले.

“थांब…”

बाबा वाकून गाठी बघू लागले. “कंच्या बाजूनं फिरवलंस?”

“पेडांना पीळ आहे त्याच बाजूनं.”

“का?”

“जास्त घट्ट व्हावा म्हणून.”

“झाला?”

“…गाठी पडल्या.”

“नवा माणूस हेच करतो. अरं, पेडाला पीळ ज्या बाजूचा, दोराला त्याच्या उलट लागतो. म्हंजे पेड उकलायला बघतो, दोर उकलायला बघतो, आन्‌ दोघं एकमेकाला धरून बसत्यात.”

“पण मी जोर तर लावला होता.”

“जोर लई लावलास. बाजू तीच व्हती.”

खिशात फोन थरथरला. मकरंदचा हात तिकडं निघाला, आणि अर्ध्यात थांबला.

सहा वर्षं तो फोन हातात घेऊन, वृषालीकडं पाठ करून, नको ते बघत पडला होता. आणि गेले दोनशे चौदा दिवस तो फोन हातात घेऊन, वृषालीकडं पाठ करून, लोकांना धीर देत पडला होता. तिच्या बाजूनं बघितलं तर काय बदललं होतं? तिला तर पाठच दिसत होती.

बाबा नखानं एकेक गाठ सोडवत होते. मकरंदही खाली बसला आणि सोडवू लागला. धुकं वर चढत चढत चिंचांपर्यंत आलं होतं आणि पलीकडच्या फळीवरचा दगड कधी दिसत होता, कधी नाही. किती वेळ गेला कोण जाणे.

मग मकरंदनं उलट बाजूनं मूठ फिरवली. आता पेड एकमेकांत बसू लागले. पण फळीवरचा दगड मध्येच अडून राही, मध्येच एकदम घसरे, आणि दोर कुठं आवळलेला, कुठं पोकळ असा निघू लागला.

बाबांनी त्याला थांबवलं. “दगडाला कळत न्हाई कवा ढिलं सोडायचं ते. माणूस लागतं.” त्यांनी तळ्याकडं हनुवटी केली. “बाईंना बोलव.”

“तिला? बाबा, ती रागात आहे.”

“रागातलं माणूस चांगलं ताणून धरतं.”

मकरंदनं हाक मारली, “वृषाली.”

मारली आणि तोच दचकला. हे नाव मोठ्यानं घेऊन किती काळ लोटला होता? घरात ‘अगं, चहा’ होतं, ‘अगं, दूध संपलंय’ होतं. नाव कुठं पडून राहिलं होतं, देव जाणे.

धुक्यातून ती वर आली. चपला दवानं ओल्या झाल्या होत्या.

“दहा मिनिटं म्हणाला होतात.”

“हो. हे… जरा धरायचंय.”

वृषालीनं त्याच्याकडं पाहिलं, बाबांकडं पाहिलं, मग वाटेवर पसरलेल्या पेडांकडं पाहिलं. नर्सबाई ती. कुणी धरा म्हटलं की आधी हात पुढं करायचा आणि विचारायचं मागाहून, ही तिच्या हातांची सवय. तिनं ओढणी कमरेला खोचली, पलीकडं जाऊन दगड ढकलून दिला आणि फळी उचलली.

“कशी धरू बाबा?”

“टाचा रोव, लेकी. अंग मागं टाक. ओढ लागंल तेवढंच पुढं यायचं, आपणहून यायचं न्हाई.”

“आणि सोडली तर?”

“समदं उकलंल.”

तिनं मान हलवली आणि टाचा रोवल्या.

बाबा मकरंदजवळ आले. “हाताकडं बघू नको. तिच्याकडं बघ. फळी तिरकी झाली की थांब. ती दमली की थांब. बघितल्याबिगर कळायचं न्हाई.”

मग ते लाकूड पेडांत धरून पलीकडं चालू लागले, सावकाश, एकेक पाऊल. त्यांच्या मागं दोर तयार होत गेला.

मकरंद मूठ फिरवत होता आणि बघत होता.

चाळीस पावलांवरून तिचा चेहरा नखाएवढा दिसत होता. एवढेच चेहरे तो सहा वर्षं बघत आला होता, फोनच्या काचेवर, ओळीनं मांडलेले. पण ते दोन बोटांनी मोठे करता येत होते. कंटाळा आला की वर सरकवता येत होते. हा चेहरा मोठाही करता येत नव्हता आणि सरकवताही येत नव्हता. मूठ फिरवायची, एवढाच उपाय होता. मग दोर पिळाला की आखडायचा, तिला ओढ लागायची, आणि ती एक पाऊल पुढं यायची.

ती सगळा भार डाव्या पायावर देते, हे त्याला दिसलं. उजवी टाच तिनं पुरती टेकवली नव्हती. कधीपासून दुखतेय ती टाच? त्याला माहीत नव्हतं. ताण वाढला की ती खालचा ओठ दातांत धरते, हेही दिसलं. लग्नाआधी तो तिला बघायला गेला होता, तेव्हा चहाचा ट्रे आणताना तिनं असाच ओठ धरला होता, आणि तेवढ्यावर तो भाळला होता. ते त्याला आत्ता आठवलं.

फळी तिरकी झाली. तो थांबला. तिनं पकड बदलली, फळी सरळ केली, आणि त्यानं पुन्हा मूठ फिरवली. एक शब्द न बोलता दोघांना ते जमलं.

धुकं आता दोघांच्या मधून वाहत होतं. त्यात बाबा कधी नुसतं मुंडासं व्हायचे, कधी नुसते पाय. तंतू तरंगत होते. खिशात फोन दोनदा थरथरला असावा, तिसऱ्यांदाही असावा. किती पावलं उरली ते मकरंदनं मोजायला हवं होतं. त्यानं मोजलं नाही.

“वृषाली,” तो म्हणाला.

“काय?”

“तुझ्यात काही कमी नव्हतं.”

“ऐकू येत नाही.”

जवळ जाऊन सांगावं, तर मूठ सोडावी लागणार. मूठ सोडली की सगळं उकलणार. मेल्यानंतरही तिला कळू द्यायची नाही, असं ठरवलेली गोष्ट आता माळावर उभं राहून ओरडून सांगायची होती, आणि तीही मध्ये एक परका म्हातारा उभा असताना.

“तुझ्यात काही कमी नव्हतं,” तो मोठ्यानं म्हणाला. “मी फोनवर घाण बघत होतो. बायकांची. रोज. सहा वर्षं. म्हणून मी तुझ्याकडं पाठ करून झोपायचो. तुझा त्यात काही संबंध नव्हता.”

फळी तिरकी झाली.

मकरंद थांबला, सांगितलं होतं तसा. बाबाही थांबले. तळ्यावर कुठलासा पक्षी एकदा ओरडला आणि गप्प झाला. आता ही फळी टाकणार आणि खाली गाडीकडं चालू लागणार, असं मकरंदच्या मनानं घेतलं. त्यानं मूठ दोन्ही हातांनी गच्च धरली.

फळी हळूहळू सरळ झाली.

“पुढं बोला,” वृषाली म्हणाली.

त्यानं मूठ फिरवली. “आता सोडलंय ते.”

“कधी?”

“दोनशे…” म्हणता म्हणता तो थांबला. तो आकडा तिला सांगायची त्याला लाज वाटली. “पावसाळा लागायच्या आधी.”

“म्हणजे गणपतीत सोडलेलं होतं.”

“हो.”

“दिवाळीत सोडलेलं होतं.”

“हो.”

“दिवाळीत मी तुम्हाला विचारलं होतं. दिव्यांना तेल घालताना. माझं काही चुकतं का म्हणून.”

“हो.”

“तुम्ही म्हणालात, डोकं दुखतंय.”

मकरंदनं मूठ फिरवली, आणि ती एक पाऊल पुढं आली.

“सहा वर्षं मी आरशात नीट बघितलेलं नाही,” वृषाली म्हणाली. आवाज मोठा नव्हता. तरी त्याला शब्द न्‌ शब्द ऐकू आला, कारण अंतर कमी झालं होतं. “तोंड धुताना डोळे मिटून घ्यायची मी. आणि हे तुम्ही आज सांगताय. बॅग बांधल्यावर.”

“हो.”

“लाज नाही वाटत?”

“वाटते.”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दोन्ही हात फळीवर होते, त्यामुळं तिनं गाल खांद्याला पुसला, आधी एक, मग दुसरा. आणि रागारागानं टाचा पुन्हा रोवल्या, त्या दुखऱ्या टाचेसकट. अंग असं मागं टाकलं की दोराला झटका बसला आणि मूठ मकरंदच्या तळहातांत रुतली. एवढ्या ताकदीनं कुणी आपल्याला ओढतंय, हे त्याला कित्येक वर्षांत जाणवलं नव्हतं. मग त्यालाही रडू फुटलं, आणि त्याला तर ते पुसताही येईना.

“बाबा,” तो कसाबसा म्हणाला, “आता मी काय करू?”

बाबा दोघांच्या मध्ये, धुक्यात, लाकूड धरून उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

“बाईनं टोक सोडलंय का?”

मकरंदनं तिच्याकडं पाहिलं.

“नाही.”

“मग फिरव.”